अकरा वर्षांपूर्वीचा हुकूमनामा आणि आजची नोटीस

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या वेळच्या टपालात थकीत कर्जावरील जुन्या हुकूमनाम्यांविषयी, म्हणजे पैसे देण्याच्या दिवाणी न्यायालयाच्या आदेशांविषयी, तीन पत्रे आली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे वगळून त्यांचा गोषवारा पुढे देत आहे. पहिल्या पत्रातले प्रश्न अनेकांना पडणारे आहेत, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न 1

आदरणीय वकीलसाहेब, 2011 मध्ये घरातल्या आजारपणासाठी मी एका खासगी वित्त कंपनीकडून एक लाख रुपयांचे कर्ज घेतले. पुढच्या वर्षी नोकरी गेली, भाड्याचे घर बदलावे लागले आणि हप्ते थांबले. नंतर कोणी विचारले नाही, म्हणून मीही तो विषय मागे टाकला. तीन आठवड्यांपूर्वी न्यायालयाची नोटीस आली. ऑगस्ट 2014 मध्ये माझ्याविरुद्ध एकतर्फी, म्हणजे माझ्या गैरहजेरीत, हुकूमनामा झाला असून आता त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाली आहे, असे तीवरून कळले. दाव्याचे समन्स मला कधीच मिळाले नव्हते. नोटिशीसोबतच्या कागदात 80,000 रुपये आणि हुकूमनाम्याच्या तारखेपासून द. सा. द. शे. 6 टक्के व्याज असे लिहिले आहे. वसुलीवाला मात्र फोनवर 3,40,000 रुपये मागतो आणि 'भरले नाहीत तर उद्या पोलीस घेऊन येतो' असे सुनावतो. सध्या माझा पगार 40,000 रुपये आहे आणि चार वर्षांपूर्वी घेतलेला एक लहान फ्लॅट आहे. बारा वर्षांनी हुकूमनामा बाद होतो असे ऐकतो. तेवढे दिवस काढावेत का? थोडी रक्कम भरली तर मुदत नव्याने सुरू होईल का? फ्लॅट पत्नीच्या नावे करून ठेवू का?

उत्तर

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला ईमेलने चार ओळी कळवल्या होत्या, कारण हे सदर छापून येईपर्यंत तुमच्या हातातली महत्त्वाची मुदत निघून गेली असती. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याचा अर्ज, मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 123 नुसार, 30 दिवसांत करावा लागतो. समन्सची रीतसर बजावणी झालेली नसेल तर हे 30 दिवस हुकूमनामा झाल्याचे तुम्हाला कळले त्या दिवसापासून मोजले जातात. मुदत उलटल्यास याच कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफ करून मागता येतो, पण मग उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि 'वकील शोधत होतो' हे कारण न्यायाधीशांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यावर फारसे विसंबू नये.

अर्ज करायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी मात्र मूळ दाव्याची कागदपत्रे वाचा. ज्या न्यायालयाने निकाल दिला तेथे नक्कल अर्ज देऊन वादपत्र, हुकूमनामा, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि समन्सच्या बजावणीचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मिळवा. नोटिशीवरचा दाव्याचा क्रमांक किंवा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही प्रकरणाच्या तारखा दिसतात; जुनी प्रकरणे तेथे नेहमीच पूर्ण सापडत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष नकलांना पर्याय नाही. नकला हातात आल्या की निकालपत्राच्या आधी समन्सची मागची बाजू उलटून पाहा. तेथे बेलिफाच्या, म्हणजे समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या, हातच्या तीन-चार ओळी असतात. 'सदर पत्त्यावर गेलो असता दार बंद होते, प्रतिवादी मिळून आले नाहीत, सबब एक प्रत दारावर चिकटवली' अशा धाटणीचा मजकूर बहुधा दिसेल. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 5, नियम 17 प्रमाणे समन्स असे चिकटवण्यापूर्वी प्रतिवादीचा पुरेसा शोध घेतलेला असावा लागतो, आणि घर कोणी दाखवले व कोणाच्या देखत प्रत चिकटवली त्यांची नावे-पत्ते अहवालात द्यावे लागतात. त्या ठिकाणी नुसतेच 'शेजारी' असे लिहिलेले असेल आणि त्या तारखेला तुम्ही दुसरीकडे राहत होता हे नोंदणीकृत भाडेकराराने, वीजबिलाने किंवा नोकरीच्या ठिकाणच्या नोंदीने दाखवता येत असेल, तर आदेश 9, नियम 13 खालचा तुमचा अर्ज भक्कम ठरतो. बजावणीत नुसती तांत्रिक त्रुटी होती एवढे पुरत नाही. सुनावणीच्या तारखेची माहिती तुम्हाला होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळही होता असे दिसले तर त्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. ती ऐकायला पक्षकारांना आवडत नाही. हुकूमनामा रद्द झाला म्हणून कर्ज रद्द होत नाही; दावा पुन्हा उभा राहतो आणि तुम्हाला कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन लढावे लागते. शिवाय काही रक्कम न्यायालयात भरण्याची अट घालूनच हुकूमनामा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कर्ज घेतले होते, पैसे फेडले नाहीत आणि दावा मुदतीत होता, अशी वस्तुस्थिती असेल तर दोन-तीन वर्षांनी तुमच्याविरुद्ध नवा हुकूमनामा होईल आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी कंपनीला नव्याने बारा वर्षे मिळतील. म्हणून शेवटचा हप्ता कधी भरला आणि दावा कधी दाखल झाला या दोन तारखा आधी शेजारी शेजारी मांडा. दावा मुदतीबाहेरचा होता, भरलेले हप्ते हिशेबात धरलेच नव्हते किंवा कागदावरची सही तुमची नाही, असे काही ठोस असेल तरच हा मार्ग धरावा. तसे काही नसेल तर मी तुमच्या जागी असतो तर वकिलाच्या फीचे पैसे तडजोडीकडे वळवले असते.

आता बारा वर्षांविषयी. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 136 नुसार पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तो अंमलयोग्य झाल्यापासून 12 वर्षांत मागावी लागते, हे तुम्ही ऐकले ते खरे आहे. मात्र पाहायचे असते ते दरखास्त कधी दाखल झाली एवढेच. तुमच्या प्रकरणात ती मुदतीच्या आत दाखल झालेली आहे, त्यामुळे ती प्रलंबित असताना बारा वर्षे उलटली तरी तिला धक्का लागत नाही. दिवस काढण्यात तुमचा काहीच लाभ नाही, उलट व्याज चालू राहते आणि गैरहजर राहिलात तर न्यायालय तुमचे म्हणणे न ऐकताच पुढचा आदेश देते. हुकूमनाम्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर दरखास्त आली की आदेश 21, नियम 22 प्रमाणे सामान्यतः आधी नोटीस काढावी लागते. तुमच्याकडे थेट जप्ती न येता कागद आला तो याच नियमामुळे. नोटिशीतल्या तारखेला हजर राहा.

थोडी रक्कम भरल्याने मुदत नव्याने सुरू होते, ही समजूत हुकूमनाम्यापूर्वीच्या कर्जाबाबत बरोबर आहे. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम भरल्याची स्वाक्षरीनिशी नोंद झाली, तर दाव्याची तीन वर्षे पुन्हा सुरू होतात. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र हा नियम लागत नाही. मुदत कायद्याच्या कलम 18 च्या स्पष्टीकरणातच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज वगळलेला आहे. तेव्हा त्या भीतीने पैसे भरणे थांबवू नका.

रकमेचा प्रश्न सर्वांत सोपा आहे आणि तरीही लोक त्यातच सर्वाधिक फसतात. हुकूमनामा झाला की मूळ करार त्यात विलीन होतो. कंपनीच्या संगणकात करारातले व्याज, दंडव्याज, चेक परत गेल्याचा आकार हे सारे फुगत राहिले तरी न्यायालयातून वसूल होते ते फक्त हुकूमनाम्यात लिहिलेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34 प्रमाणे हुकूमनाम्यानंतरचे व्याज वर्षाला 6 टक्क्यांहून अधिक देता येत नाही. त्याला अपवाद आहे तो व्यापारी व्यवहाराचा, आणि व्यवहार व्यापारी ठरतो तो कर्ज घेणाऱ्याच्या धंद्याशी त्याचा संबंध असेल तरच. तुमचे कर्ज आजारपणासाठी होते. त्यामुळे 80,000 रुपयांवर सरळ व्याजाने वर्षाला 4,800, अकरा वर्षांचे 52,800, म्हणजे एकूण 1,32,800 रुपये आणि हुकूमनाम्यात दावाखर्च दिला असल्यास तो. अकरा वर्षांवर जेवढे महिने झाले असतील त्यांचे दरमहा 400 रुपये त्यात धरा. 3,40,000 हा आकडा कोठून आला ते लेखी विचारा. माझ्या अनुभवात या प्रश्नानंतर फोनवरचा आवाज बराच खाली येतो. फोन करणारा मूळ कंपनीऐवजी दुसऱ्याच एखाद्या कंपनीचे नाव सांगत असेल तर हुकूमनामा तिच्याकडे लेखी वर्ग झाल्याचा कागद मागा. आदेश 21, नियम 16 प्रमाणे असा लेखी हस्तांतरणाने आलेला नवा धारक मूळ धारकाला आणि तुम्हाला नोटीस गेल्याशिवाय अंमलबजावणी पुढे नेऊ शकत नाही.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी न्यायालय आपल्या बेलिफामार्फत करते, वसुलीवाला पोलीस आणून करत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैदेची तरतूद आहे हे खरे, परंतु त्याच संहितेच्या कलम 51 प्रमाणे त्याआधी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि ऋणकोजवळ, म्हणजे पैसे देणे असलेल्याजवळ, पैसे असूनही तो देत नाही, मालमत्ता लपवतो किंवा पळून जाण्याच्या बेतात आहे अशा स्वरूपाच्या गोष्टीबद्दल न्यायालयाची कारणांसह खात्री व्हावी लागते. केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, त्यामागे लबाडी असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात ठामपणे सांगितले आहे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यात कलम 56 प्रमाणे अटकच होऊ शकत नाही. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले आहे. कॉलच्या वेळा टिपून ठेवा.

हे वाचल्यावर फ्लॅटबाबतचा तुमचा बेत किती घातक आहे ते लक्षात येईल. धनकोला चुकवण्यासाठी केलेले बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द करून घेता येते. शिवाय ज्या लबाडीवाचून तुम्हाला अटक होऊ शकत नव्हती तिचा पुरावा तुम्ही स्वतःच, मुद्रांकशुल्क भरून, नोंदणी कार्यालयात तयार करून ठेवलेला असतो. फ्लॅट जप्तीपासून सुरक्षित नाही हे मान्य करून चाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये शेतकऱ्याच्या राहत्या घराला संरक्षण आहे, नोकरदाराच्या फ्लॅटला नाही.

पगाराचे मात्र तसे नाही. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. 40,000 पगारावर हिशेब मांडला तर 39,000 चे दोन तृतीयांश 26,000, म्हणजे तुमच्या हाती 27,000 राहतात आणि महिन्याला जास्तीत जास्त 13,000 कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण 24 महिन्यांपर्यंतच चालते, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. तुमच्या प्रकरणात मात्र अकराव्या महिन्यातच रक्कम फिटेल. भविष्य निर्वाह निधी आणि स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कमही जप्तीबाहेर आहे.

हा सगळा हिशेब तुम्हाला तडजोडीच्या टेबलावर उपयोगी पडणारा आहे. कंपनीला ठाऊक आहे की न्यायालयातून तिला सुमारे 1,33,000 रुपयेच मिळतील आणि तेही वर्षभर पाठपुरावा करून. म्हणून एकरकमी 90,000 ते 1,00,000 रुपयांचा लेखी प्रस्ताव तिच्या वकिलापुढे ठेवायला हरकत नाही. हप्ते हवे असतील तर कंपनीची संमती लागेल, कारण न्यायालयाकडे हप्तेबंदी मागण्याची 30 दिवसांची मुदत 2014 मध्येच संपली. तडजोड झाली की ती दोघांच्या सह्यांच्या पुरसीसने (न्यायालयाला लेखी कळवून) दरखास्तीत दाखल करा किंवा प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे न झेपणारा हप्ता तेथे कबूल करू नका. रक्कम बँकेमार्फतच द्या, आणि दरखास्त पूर्ण वसुली होऊन निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेतल्यावर पतमाहिती कंपन्यांकडील नोंद दुरुस्त करून घ्या. वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून खात्री करावी.

प्रश्न 2

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हातउसन्या रकमेसाठी माझ्यावर दावा केला आणि 2017 मध्ये 1,20,000 रुपयांचा हुकूमनामा झाला. 2019 मध्ये मी त्यांच्या घरी जाऊन सर्व रक्कम रोख दिली. त्यांनी वहीच्या कागदावर 'पैसे मिळाले' असे लिहून सही करून दिली. आता त्याच हुकूमनाम्यावर त्यांनी पूर्ण रकमेची दरखास्त लावली आहे. पावती दाखवली की काम होईल ना?

उत्तर

तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, कारण पैसे देऊनही तुम्ही कायद्याच्या दृष्टीने कच्च्या जागी उभे आहात. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम हुकूमनामाधारकाने न्यायालयाला कळवायची असते, आणि त्याने कळवले नाही तर ऋणकोने अर्ज करून तिची नोंद करून घ्यायची असते. या अर्जाची मुदत पैसे दिल्यापासून केवळ 30 दिवसांची आहे, आणि विलंब माफीचे कलम 5 आदेश 21 खालच्या अर्जांना लागू होत नाही. आदेश 21, नियम 2 शेवटी असे सांगतो की जी रक्कम अशा रीतीने प्रमाणित किंवा नोंदलेली नाही ती अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाने विचारात घेऊ नये. म्हणजे तुमची पावती खरी असली तरी दरखास्तीत तिच्याकडे पाहण्याचे दार कायद्याने जवळजवळ बंद केलेले आहे.

जवळजवळ असे म्हणतो, कारण एक फट उरते. हुकूमनामाधारकाने स्वतः रक्कम मिळाल्याचे मान्य केले तर प्रश्नच मिटतो, आणि त्याच्यावरील नोंदीच्या कर्तव्याला ऋणकोच्या मुदतीचे बंधन नाही. म्हणून दरखास्तीत लेखी हरकत घ्या, पावतीची प्रत जोडा आणि 'ही सही तुमची आहे की नाही' याचे शपथेवर उत्तर त्यांच्याकडून मागा. फिटलेल्या हुकूमनाम्याची कपटाने पुन्हा अंमलबजावणी करून घेणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 210 मध्ये तो होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम ठेवलेला आहे. शपथेवर 'नाही' म्हणण्याआधी वकिलाने ही गोष्ट त्या गृहस्थांच्या कानावर घातली तर अनेकदा सूर बदलतो. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका, न्यायालयात दाखल करायची वेळ आली तरी आधी तिच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवा. ती रक्कम बँकेतून काढली असेल तर त्या दिवसाचा खातेउताराही घ्या. वहीच्या कागदाला त्याचा आधार मिळतो.

प्रश्न 3

वडिलांवर 2016 चा हुकूमनामा होता. ते 2021 मध्ये गेले. आता दरखास्तीत आईचे आणि माझे नाव वारस म्हणून घेतले आहे. बेलिफ घरातले सामान जप्त करणार, माझा पगारही बांधणार, असे कंपनीचा माणूस म्हणतो. आईला विधवा म्हणून वडिलांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळते, तेवढाच तिला आधार आहे.

उत्तर

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 प्रमाणे वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांच्या नावची जमीन, घर किंवा बँकेतील ठेव तुम्हाला मिळाली असेल तर ती पकडता येईल. तुमचा पगार आणि तुम्ही स्वतः कमावलेल्या वस्तू पकडता येणार नाहीत. मात्र वडिलांची मालमत्ता तुमच्या ताब्यात आली आणि तुम्ही ती विकून पैसे कोठे गेले ते सांगू शकला नाहीत, तर कलम 52 प्रमाणे तेवढ्या रकमेपुरते तुमच्यावरच येते, म्हणून त्यातले काहीही हिशेबाशिवाय हलवू नका. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि सरकारी निवृत्तिवेतन यांना कलम 60 चे संरक्षण आहे.

पुढील तारखेला वडिलांकडून काय काय मिळाले याची यादी शपथपत्रावर द्या आणि बाकी वस्तू स्वतःच्या असल्याची हरकत त्याच दरखास्तीत, खरेदीच्या पावत्यांसह, नोंदवा. तुमच्या आईला उत्पन्न कितीही असले तरी स्त्री म्हणून मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे, आणि नोटीस, वडिलांचा मृत्यूचा दाखला व निवृत्तिवेतनाचे पासबुक सोबत न्यावे.